एकच प्रश्न घेऊन निघा

मागच्या अंकात मी महाविद्यालयांच्या अभ्यास सहलींबद्दल लिहिलं होतं. समाजशास्त्र वर्गात शिकवता येतं, पण आपलाच देश गटाने फिरून पाहिला की ते खरं अंगात मुरतं, असं माझं म्हणणं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. 'पटलं, पण करायचं कसं?' असाच बहुतेकांचा सूर आहे. तालुक्याच्या गावी हा विषय शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि जमेल तेव्हा मुलामुलींना घेऊन मी बाहेर पडत राहिले. त्या अनुभवाच्या आधारावर काही पत्रांना उत्तरं देते.

मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या समाजशास्त्र विभागाची सहल दिल्ली, आग्रा, जयपूर अशी जाणार आहे. आल्यावर अहवाल द्यायचा आहे. गेल्या वर्षीच्या मुलांनी ताजमहालाची माहिती उतरवून काढली होती. मला तसं करायचं नाही. मी नेमकं काय पाहू?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. मार्ग ठरवणं तुझ्या हातात नाही, पण निघण्याआधी एक प्रश्न ठरवणं तुझ्या हातात आहे. एकच प्रश्न ठरव आणि जाशील तिथे तोच विचार. दहा विषयांची दहा पानी प्रश्नावली घेऊन गेलेली मुलं उत्तरं भरून आणतात आणि त्यांच्या हाती काही लागत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक प्रश्न देत असे : राहतं घर कोणाच्या नावावर आहे आणि आईवडिलांच्या पश्चात ते कोणाकडे जाणार? हा प्रश्न थेट विचारला तर लोक बिचकतात. तुम्ही कोण, तलाठ्याची माणसं का, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून सुरुवात वेगळी करायची : 'लेकी कुठे दिल्यात?' हे सांगायला कोणत्याही गावात, कोणत्याही घरात माणसं तयार असतात. लेकींवरून बोलणं जावयांवर येतं, मग सणावाराच्या देण्याघेण्यावर, आणि तिथून घर-जमिनीवर आपोआप येतं.

हरियाणात रोहतकच्या बाजूला एका अंगणात आम्ही बसलो होतो. बाजूला दोन म्हशी, मधोमध खाट, खाटेवर घरातली आजी आणि आमच्या मुली खाली चटईवर. आजीने सांगितलं की लेक गावात देत नाहीत, कारण सगळं गाव भाऊबंद. आपलं गोत्र टाळायचं, आईचं टाळायचं, आणि आजीच्या गोत्राचाही विचार करायचा. आमच्यातली एक मुलगी सहज म्हणाली, 'आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं.' अंगणातलं बोलणंच थांबलं. आजीने तोंडावर हात ठेवला आणि विचारलं, 'भाई-बहन का ब्याह?' आतल्या बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढून दारात येऊन आमच्याकडे बघत राहिल्या. आमच्या मुली गोंधळल्या. ज्या गोष्टीचा कधी विचारही केला नव्हता, ज्या नात्यावरून घरोघरी थट्टामस्करी चालते, ती गोष्ट दुसऱ्या एखाद्या घरात अघोरी वाटू शकते, हे त्यांना त्या क्षणी कळलं. नातेसंबंधांवरचा माझा कोणताही तास एवढा परिणाम करू शकला नव्हता.

इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेची उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व अशी विभागणी केली. ती मांडणारा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. उत्तरेत लेक लांब, अनोळखी माणसांत द्यायची. दक्षिणेत मामाची किंवा आत्याची मुलगी चालते आणि कित्येक समाजांत मामाने भाचीशी लग्न करण्याचीही रीत आहे. आपण मधल्या पट्ट्यात. मामाची मुलगी करतात, पण आत्याची मुलगी आपल्याकडे पुष्कळ जातींत टाळतात. हे पुस्तकात वाचून परीक्षेपुरतं लक्षात राहतं. पण त्या अंगणात बसलं की पुढचा प्रश्न आपणहून सुचतो : लेक एवढ्या लांब गेली तर माहेरच्या घरात तिचं काय उरतं? आजीचं उत्तर तयार होतं. भाऊ. भाचरांच्या लग्नात भाऊ 'भात' घेऊन येतो, म्हणजे आपल्या मामाच्या आहेराचाच प्रकार, फक्त त्याहून कितीतरी मोठा. तो भात येत राहावा म्हणून बहीण जमिनीतला वाटा मागत नाही. मागितला तर भावाचं दार बंद.

२००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर तशी दुरुस्ती १९९४ सालीच केली होती. तरीही आपल्याकडे वडील गेले की बहिणींच्या सह्या घेऊन हक्कसोडपत्र होतं. कायदा तिकडे आणि इकडे एकच आहे, सही का होते याची कारणंही पुष्कळशी जुळतात. ती कारणं शोधणं हे समाजशास्त्राचं काम.

आता तुझ्या सहलीबद्दल. आग्र्यात ताजमहाल जरूर बघ, पण बुटांचे कारखाने बघायचेच असं सरांना सांग. आग्रा हे चामड्याच्या पादत्राणांचं मोठं केंद्र आहे आणि पुष्कळ काम लहान लहान कार्यशाळांतून, घरांतून चालतं. वरचा भाग कोण शिवतं, मजुरी कोणाच्या हातात पडते, ती कार्यशाळा ज्या घरात आहे ते घर कोणाच्या नावावर आहे, हे विचार. जयपूरला गेलीस की सांगानेर जवळच आहे, तिथे कापडावर ठशांची छपाई करणाऱ्यांना हेच विचारता येईल. दिल्लीत तुमच्या मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाक करणारा माणूस बहुधा बिहारचा किंवा उत्तराखंडचा निघेल. त्याचं घर कुठे, तिथे आज कोण राहतं, हे विचारायला तर जिना उतरण्यापलीकडे काही करावं लागणार नाही.

अहवालात एकाच घराबद्दल सविस्तर लिही. कोण कुठे बसलं, कोणी उत्तर दिलं, कोण बोलायला लागलं की कोण गप्प झालं, हे सगळं. बाकी घरं त्याच्या आधाराला येऊ देत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. यंदा प्रथमच राज्याबाहेर मुलांना न्यायचं मनात आहे. किती ठिकाणं घ्यावीत? भाषेची अडचण कशी सोडवावी? मुलं सहलीत अभ्यास करतात का खरंच?
– एक शिक्षक, देगलूर

ठिकाणं कमी घ्या, सर. दोन घेतलीत तरी पुरे आणि तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. प्रत्येक ठिकाणी निदान दोन रात्री मुक्काम हवा. पहिल्या दिवशी लोक पाहुण्यांशी बोलतात ते ठरावीक बोलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुन्हा त्याच ओसरीवर दिसलात की 'अरे, हे अजून आहेत!' असं होऊन खरं बोलणं सुरू होतं.

राज्याबाहेर जायच्या आधी वाटेवरचा एक मुक्काम गडचिरोलीत करा. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहान गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने करत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय चालू ठेवतात, मग कितीही बैठका लागोत. आणि २०१३ साली त्यांनी ग्रामदान करायचं ठरवलं, म्हणजे आपापल्या शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे. कसणारे तेच, पण परस्पर बाहेरच्याला विकायची सोय नाही. 'जमीन कोणाच्या नावावर?' या प्रश्नाला असंही उत्तर असू शकतं हे मुलांनी एकदा कानांनी ऐकायला हवं. बहुमताशिवाय दुसरा मार्गच नाही अशी त्यांची समजूत असते. ती तिथे ढिली पडते. जाण्याआधी ग्रामसभेला पत्र पाठवा आणि त्यांच्या सोयीची तारीख घ्या. तुमच्या सुट्टीच्या तारखा त्यांच्यावर लादू नका.

भाषेसाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तिथलं एखादं महाविद्यालय. तुमच्यासारखाच समाजशास्त्राचा एखादा शिक्षक तिथे असतो आणि त्यालाही आपल्या मुलांना काहीतरी दाखवायचं असतं. त्याची मुलं आणि तुमची मुलं अशा जोड्या लावा. तमिळनाडूत, केरळात खेड्यांत हिंदीवर विसंबू नका. मलयाळी मुलीने आमच्या मुलीला आपल्या आजीचं बोलणं मोडक्या इंग्रजीत समजावून सांगितलं आणि दोघींनी मिळून नात्यांचा तक्ता काढला, तेव्हा मी नुसती बाजूला उभी राहिले. केरळात नायरांची जुनी तरवाड घरं मातृवंशीय होती, घर आईकडून मुलीकडे जायचं. १९७५ च्या कायद्याने ती एकत्र मालमत्तेची पद्धत संपली. पण आजीच्या बोलण्यात ते घर अजून होतं. कोणती खोली कोणाची, मामाचा शब्द कसा चालायचा, नवरे कसे संध्याकाळी पाहुण्यासारखे यायचे. तिच्या नातीला यातलं निम्मं पहिल्यांदाच कळत होतं.

मुलं अभ्यास करतात का, असं तुम्ही विचारलंत. रात्रीची बैठक असेल तर करतात. जेवणं झाली की सगळ्यांनी गोल बसायचं. प्रत्येक जोडीने आधी फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं सांगायचं, मतं नाहीत. 'तिथल्या बायका दबलेल्या आहेत' हे मत झालं. 'आम्ही होतो तोवर सुनेने आमच्यासमोर पाणी ठेवलं आणि दाराआड उभी राहिली, प्रश्न तिला विचारला तरी उत्तर सासऱ्यांनी दिलं' हे पाहिलेलं झालं. हा फरक मुलांच्या अंगवळणी पडायला दोनेक रात्री जातात. एकदा पडला की त्यांना आवरावं लागतं, झोपतच नाहीत.

आणखी एक, जरा नाजूक. आपला गट हाही समाजच असतो. रेल्वेत कोण कोणाचा डबा खातं, कोणाशेजारी कोण पथारी टाकतं, भांडी घासायची वेळ आली की मुलगे कुठे जातात, याकडे तुमचं लक्ष असू द्या. चौथ्या बैठकीच्या सुमारास तो विषय स्वतःच काढा. मी काढत असे. जातीबद्दल वर्गात कधीही न बोललेली मुलं तिथे बोलली आहेत. रडलीही आहेत. शिक्षकाने त्या वेळी निवाडा करायला जाऊ नये, फक्त प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेतलं जाईल एवढं पाहावं.

टिपणं रोजच्या रोज लिहून घ्या आणि रोज त्यांचे फोटो काढून दुसऱ्याकडे पाठवून ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या एका खेड्यात १९४८ साली राहून जो अभ्यास केला, त्याची वर्षानुवर्षं नीट लावलेली टिपणं १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत गेली. पुढे त्यांनी बरंचसं आठवणींवर विसंबून पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. पण तेवढ्या स्मरणशक्तीची अपेक्षा आपल्या पोरांकडून धरू नये.

मुलगी एम. ए.ला आहे. त्यांच्या विभागाने मेघालयाची अभ्यास सहल काढली आहे. एवढ्या लांब कशाला, असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. तिकडचं खाणं, थंडी, सुरक्षितता... तुम्ही पाठवलं असतं का?
– एक आई, चिपळूण

पाठवलं असतं, ताई. तुमची काळजी खरी आहे, म्हणून आधी व्यवहाराचं सांगते. रेल्वेने गुवाहाटी, तिथून रस्त्याने शिलाँग शंभरेक किलोमीटर. मेघालयात जायला अरुणाचल किंवा नागालँडसारखा वेगळा परवाना लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जात असतील तर पाऊस ओसरलेला असतो, मात्र संध्याकाळी चांगलीच थंडी पडते, स्वेटर दोन द्या. खाण्यात मांस भरपूर, पण भात, डाळ, बटाटा, पालेभाजी कुठेही मिळते. तिला एवढंच सांगा की शेजारच्या ताटातलं पाहून नाक मुरडायचं नाही. कोणी क्वाई पुढे केली, म्हणजे चुना लावलेलं पान आणि ओली सुपारी, तर ती दोन्ही हातांनी घ्यायची. ती पाहुणचाराची पहिली खूण. खायची की नाही ते नंतर पाहता येतं, पण पहिल्यांदा खाणाऱ्याला ती चढते, घाम फुटतो, म्हणून तुकडा लहान घ्यावा.

आता कशाला, ते. मेघालयातल्या खासी समाजात मुलं आईच्या कुळाची असतात आणि घर धाकट्या मुलीकडे जातं. शिलाँगच्या ज्याला इवदुह म्हणतात त्या मोठ्या बाजारात बहुतेक गाळ्यांवर बायकाच बसलेल्या दिसतात. आपल्या मुली हे बघून हरखतात, 'इथे बायकांचं राज्य आहे' असं म्हणतात. मग एखाद्या घरात बसलं की चित्र बदलतं. शिलाँगजवळच्या एका घरातली धाकटी बहीण आम्हाला म्हणाली की घर माझं आहे असं सगळे म्हणतात, पण भावाचा संसार मोडला की तो इथेच येतो, मावशी आजारी पडली की इथेच येते, कोणी गेलं की विधी इथेच. मी हे घर मामांना आणि बहिणींना विचारल्याशिवाय विकू शकत नाही आणि सोडूनही जाऊ शकत नाही. तिच्या थोरल्या बहिणी शिकून बंगळुरूला गेल्या होत्या. खासींमधल्याच काही पुरुषांनी १९९० पासून संघटना करून ही पद्धत बदला अशी मागणी चालवली आहे, त्यांचंही ऐकून घ्यायला हवं. घर नावावर असणं आणि घरात शब्द चालणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्या लेकीला तिथे जसं कळेल तसं मी इथे पानभर लिहून कळणार नाही.

विभागाकडून मुक्कामाचा पत्ता, सोबतच्या शिक्षिकेचा फोन आणि रोजचा कार्यक्रम लेखी मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आम्ही वर्गातून एका वस्तीवर गेलो होतो. लोकांच्या घरात शिरलो, प्रश्न विचारले, फोटो काढले आणि बसमधून निघून आलो. मला रात्री झोप लागली नाही. आपण लोकांच्या आयुष्याचं प्रदर्शन मांडतो असं वाटलं. अशा सहलींनी त्यांना काय मिळतं?
– एक विद्यार्थी, पुणे

तुला झोप लागली नाही, हे चांगल्या अभ्यासकाचं लक्षण आहे. फोटोचं आधी सांगते. पहिल्या दिवशी फोन बॅगेत. दुसऱ्या दिवशी विचारून, आणि तोही त्यांनी सांगितलेला फोटो. लोकांना आपला फोटो मोडक्या भिंतीसमोर नको असतो, नातवाला मांडीवर घेऊन हवा असतो. तो काढायचा आणि छापून टपालाने पाठवायचा. 'पाठवतो' म्हणून न पाठवणारे गट मागाहून येणाऱ्यांची दारं बंद करतात.

पण तुझ्या प्रश्नाचं मूळ त्याहून खोल आहे. आपण विचारतो आणि ते सांगतात, ही एकेरी वाट तुला टोचली. त्यावर मला सापडलेला उपाय एवढाच, की जो प्रश्न तुम्ही विचाराल त्याचं स्वतःच्या घरातलं उत्तर आधी तयार ठेवायचं. रोहतककडच्या ज्या आजीबद्दल वर लिहिलं, तिने सगळं सांगून झाल्यावर आमच्या मुलींकडे वळून विचारलं, 'और तेरे घर में?' घर कोणाच्या नावावर आहे, तुझ्या आत्याला काय मिळालं? एकीलाही सांगता येईना. त्या संध्याकाळी धर्मशाळेच्या गच्चीवर रांगेने फोन लागले. एका मुलीचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आजी गेली त्या वर्षी आत्याकडून सही घेतली, तिला साडी-चोळी केली. मुलगी त्या आत्याकडेच लहानाची मोठी झाली होती. दुसऱ्या दिवशी तिने आजीच्या खाटेशी बसून हे सगळं सांगितलं. आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग जे आदल्या दिवशी अजिबात सांगितलं नव्हतं ते, स्वतःच्या बहिणींचं, सांगत बसली. दोघी सारख्याच सांगत होत्या. तेव्हा कोणी कोणाचा अभ्यास करत नव्हतं.

त्यांना काय मिळतं? पुष्कळदा काहीच नाही, आणि ते मान्य करूनच जायला हवं. निदान अहवालाची चार पानं त्यांच्या भाषेत करून पाठवा आणि आम्ही हे असं लिहिलंय, चुकलं असेल तर सांगा, असं विचारा. काही गावांनी आमच्या चुका दाखवून दिल्या आहेत. नावं बदला, गावाची खूण पुसा. कोणी रडून सांगितलेलं असेल तर ते लिहूच नका.

आमच्या महाविद्यालयाकडे सहलीला पैसे नाहीत. बरीच मुलं सुट्टीत मजुरीला जातात. देश फिरणं आम्हाला जमणार नाही. मग हा विषय आम्ही नुसता वाचूनच पास व्हायचा का?
– एक विद्यार्थी, अंबाजोगाई

अजिबात नाही. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. शहर समजून घ्यायचं तर आधी ते पायी फिरून पाहा, असा त्यांचा आग्रह होता. पायी फिरायला तिकीट लागत नाही. आणि तू तर बीड जिल्ह्यात राहतोस. तुझ्या भागातूनच दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तुमच्या वर्गातल्या काहींचे आईवडीलही असतील. तुमचा वर्ग हाच अभ्यास गट आहे आणि ज्यांना हे जग आतून माहीत आहे ती मुलं त्यात शिक्षकाच्या जागी आहेत, हे आधी सगळ्यांनी मनापासून मानलं पाहिजे.

तोच प्रश्न घ्या. टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजतात. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ मिळणारी रक्कम, कोण घेतं? कोणाच्या सहीने? हिशेब झाला की फिटलेली-राहिलेली रक्कम कोणाच्या नावावर दिसते? गावाकडचं घर कोणाच्या नावावर, आणि हंगामात तिथे म्हाताऱ्यांबरोबर कोण राहतं, शाळा कोणाची सुटते? बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या वाहते, मग कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, येऊन चूल पेटवते, आणि एवढं करून कोणत्याही कागदावर तिचं नाव आहे का, हे शोधा.

अर्धा अभ्यास आत्ताच गावात, मागे राहिलेल्या आजीआजोबांशी बोलून करा. उरलेला अर्धा जानेवारीत, जवळच्या एखाद्या कारखान्याच्या तळावर. एस. टी.ने दिवसात जाऊन येता येईल असा कारखाना निवडा. तोडीच्या वेळी फडात जाऊन त्यांचं काम अडवू नका. कोपीवर जा, आणि शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशी, तेव्हा बायकांना जरा उसंत असते. मुलींनी बायकांकडे जावं. मुकादमाला आधी भेटून सांगणं चांगलं, नाहीतर मागाहून त्रास टोळीला होतो. पण बाईशी बोलणं चालू असताना तो शेजारी उभा राहणार नाही हे बघा. त्याला चहाला घेऊन जायचं आणि त्याचीही बाजू नीट ऐकून, लिहून आणायचं काम गटातल्या एखाद्या बोलक्या मुलाकडे द्या.